विद्यापीठाशेजारची वस्ती गरीब होते की श्रीमंत? : आकडे नेमकं कोणाला मोजतात

(नारायणगड परिसरात झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. श्रोत्यांचे काही प्रश्न शेवटी दिले आहेत.)



नगद नारायणाच्या गडाजवळ बसून पैशाचं बोलायला काही हरकत नसावी. विषय तसा शहरातला वाटेल. विद्यापीठाशेजारच्या वस्तीत माणसं कशी बदलतात आणि त्यांचं उत्पन्न कसं बदलतं, हा आजचा विषय. तुम्ही म्हणाल, आमच्या गडाजवळ कुठे आलं विद्यापीठ? खरं आहे. पण आपल्या बीड जिल्ह्यातली मुलं विद्यापीठाशेजारी राहायला जातात, त्यांचे पैसे इथून जातात, आणि त्यांची मोजदाद तिथे होते. म्हणजे त्या वस्तीची अर्धी गोष्ट आपल्याच गावात घडते. ती आज समजून घेऊ.

प्रश्न सोपा वाटतो. विद्यापीठाजवळच्या एखाद्या गल्लीचं सरासरी उत्पन्न वीस वर्षांत निम्म्यावर आलं, असं कोणी कागद दाखवून सांगितलं, तर काय समजायचं? लोक गरीब झाले? की गल्लीत दुसरेच लोक आले? या दोन्ही गोष्टी कागदावर अगदी सारख्या दिसतात. आज मला एवढंच सांगायचं आहे, की आकडा बदलला म्हणजे माणसांचं नशीब बदललं, असं लगेच समजू नका. आधी विचारा, माणसं तीच आहेत का?

पुरे, वसतिगृहं आणि खोल्या

उदाहरण आपल्या ओळखीचंच घेऊ. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुनं औरंगाबाद. तिथे बेगमपुरा, पहाडसिंगपुरा, जयसिंगपुरा अशी ‘पुरा’ लावलेली नावं आहेत. ही मुघल काळातल्या वस्त्यांची नावं. बीबी का मकबरा, थत्ते हौद, पाणचक्की, मकाई दरवाजा हा सगळा तोच परिसर. विद्यापीठापेक्षा या वस्त्या दोन-तीनशे वर्षांनी जुन्या.

मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं २३ ऑगस्ट १९५८ रोजी. त्याआधी मराठवाड्यातली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. त्याच्याही आधी, १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे कॉलेज सुरू केलं, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. त्या परिसराला नाव मिळालं नागसेनवन. ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, अशा घरांतली मुलं खेड्यांतून येऊन तिथे राहू लागली. म्हणजे या भागाची लोकसंख्या शिक्षणामुळे बदलायची सुरुवात नागसेनवनापासून झाली. पुढे नामांतराचा लढा झाला, १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव मिळालं. त्याच वर्षी नांदेडला वेगळं विद्यापीठ झालं. पण बीड, जालना आणि धाराशिव यांचा संबंध या विद्यापीठाशीच राहिला.

याच काळात शहर वेगाने फुगत होतं. १९९१ च्या जनगणनेत औरंगाबाद शहर पावणेसहा लाखांचं होतं. २००१ मध्ये ८ लाख ७३ हजार, आणि २०११ मध्ये पावणेबारा लाख. चिकलठाण्याला औद्योगिक वसाहत होतीच, १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला, सिडकोच्या वसाहती उभ्या राहिल्या. आता बघा, जुन्या पुऱ्यातल्या घरात ज्याला कंपनीत पक्की नोकरी लागली, त्याला सिडकोत किंवा वाळूजकडे घर घ्यावंसं वाटणार. मग मागे राहिलेल्या घराचं काय? ते घर विद्यापीठाच्या वाटेवर आहे. मधे पार्टिशन टाकलं की चार खोल्या होतात. खोलीत चार कॉट.

या ‘कॉट बेसिस’मध्ये सगळं गणित आहे. समजा, एका खोलीचे एखादं कुटुंब महिन्याला पाच हजार देऊ शकतं. त्याच खोलीत चार मुलं प्रत्येकी दोन हजार देतात, म्हणजे आठ हजार झाले. घरमालकाने काय करावं? तो काही वाईट माणूस नाही, पण आठ हजार सोडून पाच हजार का घेईल? त्यामुळे आधी कोण बाहेर पडतं, तर भाड्याने राहणारं गरीब कुटुंब. रिक्षावाला, हमाल, धुणीभांडी करणारी बाई. ज्याच्या स्वतःच्या मालकीचं घर आहे त्याला या बदलातून मिळकत झाली, ज्याच्याकडे घर नाही त्याला हलावं लागलं. एकाच गल्लीत, एकाच वर्षी.

इंग्लंडमध्ये हेच झालं. लीड्स शहरात हेडिंग्ले नावाची वस्ती आहे. तिथे विद्यार्थी इतके वाढले की कुटुंबं निघून गेली. डॅरेन स्मिथ या भूगोलाच्या अभ्यासकाने अशा बदलाला ‘स्टुडंटिफिकेशन’ असं नाव दिलं. त्याआधी १९६४ मध्ये रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी लंडनच्या वस्त्यांसाठी ‘जेंट्रिफिकेशन’ हा शब्द वापरला होता. तिथे श्रीमंत येतात आणि गरीब बाहेर पडतात. विद्यार्थ्यांच्या बाबतीत गंमत अशी, की आलेली माणसं कागदावर गेलेल्यांपेक्षाही गरीब दिसतात, आणि तरी भाडी वाढतात.

एका गल्लीचा हिशेब

आता हे आकड्यांत बघू. ही गल्ली मनातली आहे, खरी नाही. गणित सोपं ठेवलं आहे.

गल्लीत दहा कुटुंबं. प्रत्येकात पाच माणसं. प्रत्येक कुटुंबाचं उत्पन्न महिन्याला ३० हजार. म्हणजे गल्लीचं एकूण उत्पन्न तीन लाख, दर कुटुंबामागे सरासरी ३० हजार, आणि दर माणशी सहा हजार.

दोन कुटुंबं सिडकोत गेली. त्यांच्या दोन घरांत प्रत्येकी आठ, असे सोळा विद्यार्थी आले. प्रत्येकाला घरून महिन्याला सहा हजार येतात. राहिलेल्या आठ कुटुंबांपैकी तिघांनी डबे द्यायला सुरुवात केली, त्यांना खर्च वजा जाता दहा-दहा हजार सुटू लागले. बाकी पाच कुटुंबं होती तशीच.

आता हिशेब करा. आठ कुटुंबांचे २ लाख ४० हजार, डब्यांचे ३० हजार, विद्यार्थ्यांचे ९६ हजार. एकूण ३ लाख ६६ हजार. विद्यार्थी स्वयंपाक करत नाहीत, म्हणून प्रत्येक जण एकट्याचं कुटुंब असं धरलं, तर कुटुंबं झाली चोवीस. सरासरी किती? १५,२५० रुपये. तीस हजारांवरून सव्वापंधरा हजारांवर!

सगळ्या कुटुंबांना उत्पन्नाप्रमाणे रांगेत उभं केलं आणि अगदी मधल्याचं उत्पन्न विचारलं, ज्याला आपण मध्यक म्हणतो, तर तो निघतो सहा हजार. म्हणजे पूर्वीच्या पाचवा हिस्सा. वर्तमानपत्रात बातमी येईल, ‘विद्यापीठ परिसर दारिद्र्याच्या खाईत’.

पण दर माणशी काढा. आता गल्लीत चाळीस आणि सोळा, अशी ५६ माणसं आहेत. ३ लाख ६६ हजार भागिले ५६ म्हणजे सुमारे ६,५३५. आधी सहा हजार होते. दर माणशी उत्पन्न वाढलं!

एकच गल्ली, एकच महिना. कुटुंबामागे बघितलं तर निम्म्यावर आली, माणशी बघितलं तर नऊ टक्के वर गेली. यात खोटं कुठलंच नाही. आणि त्या गल्लीत प्रत्यक्षात काय झालं? पाच कुटुंबांचं काहीच बदललं नाही. तीन कुटुंबं सुधारली. एकही माणूस आधीपेक्षा गरीब झालेला नाही. वर त्या दोन घरांचं भाडं सिडकोत राहणाऱ्या मालकांच्या खात्यात जातं, ते या गल्लीच्या हिशेबात येतच नाही.

सरकार काय मोजतं?

तुम्ही म्हणाल, मनातली गल्ली राहू द्या, खरे आकडे सांगा. इथेच अडचण आहे. आपल्या जनगणनेत उत्पन्न विचारतच नाहीत. २०११ च्या घरयादीत विचारलं होतं की घर मालकीचं की भाड्याचं, खोल्या किती, पाणी कुठून, टीव्ही आहे का, सायकल, स्कूटर, मोटार आहे का, बँकेत खातं आहे का. त्यावरून आपण अंदाज बांधतो. आता कॉटवर राहणाऱ्या मुलाकडे काय असतं? एक मोबाईल, एक बॅग, पुस्तकं. टीव्ही नाही, स्कूटर नाही. त्या तक्त्यात तो जवळजवळ निर्धन दिसणार. वसतिगृहात राहणारा मुलगा मात्र ‘संस्थात्मक कुटुंबा’त मोजला जातो, आणि त्या वस्तूंच्या तक्त्यात तो येतच नाही. म्हणजे दोन सख्खे भाऊ, एकाला वसतिगृहात जागा मिळाली आणि एकाला नाही, तर दोघं वेगवेगळ्या तक्त्यांत गेले.

कुटुंब म्हणजे काय, याचीही व्याख्या आहे. एकत्र राहणारे आणि एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. नातं असलंच पाहिजे असं नाही. चार मुलं खोलीवर गॅस ठेवून मिळून भाकरी-भाजी करत असतील तर ते एक कुटुंब. तीच चार मुलं खानावळीत जेवत असतील, तर ती चार कुटुंबं. गॅस संपला की कुटुंबांची संख्या वाढते, असं म्हणायला हरकत नाही!

उत्पन्नाऐवजी खर्च मोजणारं मोठं सर्वेक्षण केंद्र सरकार करतं. २०२३-२४ च्या सर्वेक्षणात देशातला दर माणशी मासिक खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये निघाला. हे सर्वेक्षण राज्याचं चित्र देतं, गल्लीचं देऊ शकत नाही, कारण तेवढी घरंच त्यात नसतात. पण त्यातली एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या गावातल्या बापाने पाठवलेले पैसे मुलगा शहरात खर्च करतो, तेव्हा तो खर्च शहराचा म्हणून नोंदला जातो. कमाई ग्रामीण, खर्च शहरी.

अमेरिकेत दरवर्षी गल्लीपर्यंतचे उत्पन्नाचे आकडे मिळतात, तरी तिथेही हाच घोळ आहे. दारिद्र्य मोजताना तिथे वसतिगृहातली मुलं वगळतात, पण बाहेर खोली घेऊन राहणारी धरतात. २००९ ते २०११ या वर्षांच्या आकड्यांवर त्यांच्या जनगणना विभागाने हिशेब केला. बाहेर राहणारे विद्यार्थी वगळले तर देशाचं दारिद्र्याचं प्रमाण १५.२ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आलं. अख्ख्या देशात एवढा फरक, तर विद्यापीठाच्या छोट्या गावात किती पडत असेल!

एका मुलाची तीन उत्पन्नं

आता आपल्याकडे या. इथून शिकायला गेलेल्या एका मुलाचं उत्पन्न किती? खोलीवर प्रगणक आला तर मुलगा म्हणेल, काही कमवत नाही. शून्य. खर्चाच्या सर्वेक्षणात तो महिन्याला पाच-सहा हजार खर्च करणारा. आणि तहसील कार्यालयातून काढलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यावर आई-वडिलांचं वर्षाचं उत्पन्न. एकाच मुलाची ही तीन उत्पन्नं. तिन्ही आपापल्या कामापुरती बरोबर.

त्यातल्या दाखल्यावर शिष्यवृत्ती ठरते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. त्यात उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, आणि संभाजीनगरसारख्या शहरासाठी वर्षाला ५१ हजार रुपये धरले होते. भोजनाचे २८ हजार, निवासाचे १५ हजार, निर्वाहाचे ८ हजार. म्हणजे महिन्याला सव्वाचार हजार, त्यातलं राहण्याचं साडेबाराशे. आता कॉटचं भाडं वाढलं की त्या साडेबाराशेचं काय होतं, ते इथल्या पालकांना सांगायला नको. वस्तीतली भाडेवाढ ही अशी आपल्या घरापर्यंत येते.

आणि ते पैसे येतात कुठून? आपल्याकडे कोयत्यातून येतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोने कारखान्यावर जायचं, मार्च-एप्रिलपर्यंत ऊस तोडायचा. त्या उचलीतून पोराची फी आणि खोलीचं डिपॉझिट जातं. बेगमपुऱ्यातल्या गल्लीत जी सहा हजारांची रक्कम आपण हिशेबात धरली, ती उसाच्या फडातून निघालेली असू शकते.

आता मोजणीची गोष्ट बघा. २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. नियम असा, की त्या वीस दिवसांत माणूस कधीही आपल्या नेहमीच्या घरी असेल तर तिथे मोजायचा, आणि पूर्ण काळ बाहेर असेल तर जिथे सापडेल तिथे मोजायचा. फेब्रुवारीत आपली माणसं कुठे असतात? आई-बाप कारखान्यावर, मुलगा विद्यापीठाजवळ, आणि घरी आजी. नियमाप्रमाणे गावात मोजली जाणार ती आजी.

याचा परिणाम दोन्ही टोकांना होतो. विद्यापीठाच्या वॉर्डात साक्षरता वाढलेली दिसते, अठरा ते पंचवीस वयाची फुगलेली दिसतात, लहान मुलांचं प्रमाण कमी दिसतं. कोणी म्हणेल, बघा, वस्ती किती सुधारली. आणि आपल्या गावात साक्षरता कमी, म्हातारी माणसं जास्त. कोणी म्हणेल, गाव मागासलेलंच राहिलं. अहो, ज्यांना गावाने शिकवलं तेच शहराच्या रकान्यात गेले! ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा जो निधी येतो, त्यात लोकसंख्येला मोठं वजन असतं. एप्रिलमध्ये माणसं परत येतात तेव्हा पाणी सगळ्यांनाच लागतं, पण आकडा फेब्रुवारीचा असतो.

शहरातही सगळं छान नाही. खोल्यांवर राहणाऱ्या बहुतेकांचं नाव गावच्या मतदार यादीत. नगरसेवकाला त्यांच्या नळाची, ड्रेनेजची काळजी करायची फारशी गरज पडत नाही. ज्या घरात पाच माणसं राहायची तिथे आठ राहतात, नळाचं कनेक्शन तेच. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, वसतिगृहं आणि खोल्या रिकाम्या झाल्या, खानावळी बंद पडल्या. तेव्हा कळलं की डबे देणाऱ्या घरांची मिळकत किती दूरच्या गावांवर टेकलेली होती.

मग आकडा कसा वाचायचा?

वस्तीचं उत्पन्न वाढलं किंवा घटलं असं कोणी सांगितलं, तर आधी विचारा, दहा वर्षांपूर्वीची किती घरं अजून तिथे आहेत? हा आकडा सहसा कोणी देत नाही, पण सगळ्यात जास्त तोच सांगतो. मग विचारा, हिशेब कुटुंबामागे आहे की माणशी, आणि कुटुंब कशाला म्हटलं आहे. विद्यार्थी धरले की वगळले? दोन्ही प्रकारे काढून दाखवा म्हणावं. शेवटी, भाडं कोणाच्या खात्यात जातं आणि ते भरायला पैसे कुठून येतात? वस्तीच्या हद्दीत उत्तर सापडलं नाही, तर हद्दीबाहेर बघावं लागतं.

पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ असा जाहीर झाला आहे. म्हणजे आपल्यासाठी पुन्हा ऊसतोडीचा हंगाम आणि कॉलेजचं सत्र. या वेळी जातीचीही नोंद होणार आहे. म्हणून माझी एक विनंती आहे. ग्रामपंचायतीने किंवा गावातल्या शिकलेल्या पोरांनी आपली एक वही करावी. किती घरांतली माणसं हंगामाला बाहेर असतात, किती मुलं-मुली कुठल्या शहरात शिकतात, घरटी महिन्याला किती पैसे जातात. सरकारी आकड्याशी भांडायला ही वही नको. तो आकडा समजून घ्यायला हवी.

श्रोत्यांचे प्रश्न

*एक पालक : मग मुलाला जनगणनेच्या वेळी गावी बोलावून घ्यावं का, म्हणजे गावचा आकडा वाढेल?*

नको. नियमाचा हेतू माणूस नेहमी राहतो तिथे मोजणं हा आहे. वर्षातले दहा महिने तो शहरात पाणी वापरतो, तर तिथे मोजला जाणं रास्त आहे. दोन्हीकडे नाव लागू नये, एवढं बघा. आपली तक्रार वेगळी आहे, की तो आकडा वाचताना गावाला दोष देऊ नये.

*एक विद्यार्थिनी : मी तिथेच शिकते. मतदार यादीत नाव कुठे ठेवू?*

शिक्षणासाठी बाहेर राहणाऱ्याला गावी किंवा शिकण्याच्या ठिकाणी, दोन्हींपैकी एकीकडे नाव ठेवता येतं. कुठे, ते तुम्ही ठरवा. फक्त खोल्यांवरच्या मुलींनी तिथे नावं नोंदवली, तर गल्लीतला दिवा लागायला कदाचित मदत होईल.

*एक ग्रामस्थ : डिग्री झाली तरी पोरगं खोली सोडत नाही. परीक्षा देतंय म्हणतं. त्याला विद्यार्थी म्हणायचं का?*

(हशा) काका, हा प्रश्न मोजणाऱ्यालाही पडतो. स्पर्धा परीक्षा देणारा तिशीपर्यंत तिथे राहतो. नोकरी नाही, कॉलेजात नाव नाही, आणि घरून पैसे येतात. त्याला विद्यार्थी म्हणून वगळलं तर खरी बेकारी झाकली जाते, आणि गरीब म्हणून मोजलं तर वस्ती उगाच गरीब दिसते. तुमच्या वहीत त्याचा रकाना वेगळा ठेवा. तो किती वर्षांपासून तिथे आहे आणि अजून किती वर्षं पैसे पाठवता येतील, हे त्याच्याजवळ बसून एकदा मोकळेपणाने बोला. रागावून नाही.

एवढं बोलून थांबतो.